दोन्ही घरचा पाहुणा
(यूएसबीची जोडणी आणि संगणकातला संगणक)



आमच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात एक जुना स्कॅनर आहे. गावोगावचे लोक आपल्या घरच्या पेटाऱ्यांतली मोडी दफ्तरे घेऊन येतात, आम्ही त्यांची प्रतिमा उतरवून घेतो आणि कागद ज्याचे त्याला परत देतो. स्कॅनर जुना खरा, पण काच निर्मळ, दिवा शाबूत. अडचण एवढीच की, त्याला चालवणारे सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीच्या काळातले. विभागात नवा संगणक आला आणि त्याने या म्हाताऱ्याला ओळखच दिली नाही. नवा स्कॅनर घ्यावा तर मंजुरी हवी, पैसा हवा. तेव्हा एका विद्यार्थ्याने सुचवले, "सर, नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक बसवू या."

बसवला. नव्या पडद्यावर एक चौकोन उघडला आणि त्यात एक्सपीचे ते ओळखीचे हिरवे माळरान दिसू लागले. पण स्कॅनर काही दिसेना! तार काढली, घातली. पुन्हा काढली, पुन्हा घातली. दोन दिवस हाच उद्योग. त्याच वेळी एक वयोवृद्ध शेतकरी आजोबांच्या वेळची इनामाची कागदपत्रे फडक्यात बांधून येऊन बसले होते. कागद इतके जीर्ण की, घडी उलगडताना कडेचा चुरा पडत होता. "पुढल्या बाजारच्या दिवशी येतो," असे म्हणून ते उठले. ती फडक्यातली गाठ पाहून माझ्या मनाला फार लागले. कागद पुढल्या बाजारापर्यंत टिकेल, पण पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकेलच असे कोणी सांगावे?

तार हलवून प्रश्न सुटेना, तेव्हा इतिहासाच्या माणसाला जी सवय असते तीच मी कामाला लावली. म्हटले, भांडण कोणाकोणाचे आहे ते आधी पाहावे, आणि त्या दोघांची कुळकथा काढावी. ती कथाच आज सांगणार आहे. ती कळली की जोडणीचा दोष कोठे शोधायचा हे आपोआप उमगते.

संगणकातला संगणक म्हणजे काय? एक मोठा वाडा डोळ्यांपुढे आणा. वाडा एकाच मालकाचा, पण आत चार बिऱ्हाडे. प्रत्येक बिऱ्हाडकरू आपापले दार लावून घेतो आणि आत आपलेच घर असल्यासारखा राहतो. तसेच येथे. खरा संगणक एकच असतो. त्याच्यावर चालणारी प्रणाली म्हणजे वाड्याचा मालक. त्याच्या आत सॉफ्टवेअरच्या बळावर दुसरा, आभासी संगणक उभा करतात. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. तो आपला बिऱ्हाडकरू. त्याला वाटते, आपण स्वतंत्र यंत्र आहोत. आपल्याला आपली स्मृती आहे, आपली डिस्क आहे. प्रत्यक्षात हे सारे मालकाने वाटून दिलेले असते.

ही कल्पना कालपरवाची नाही बरे का! अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे आयबीएम कंपनीचे एक संशोधन केंद्र होते. १९६४ साली कंपनीने 'सिस्टिम ३६०' या यंत्रमालिकेची घोषणा केली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांनी या केंद्रात एका नव्या कामाला हात घातला. त्या काळी संगणक म्हणजे खोलीभर पसरलेले आणि अतिशय महाग यंत्र. एकाच वेळी अनेकांनी ते कसे वापरावे, हा मोठाच प्रश्न होता. या मंडळींनी त्यावर धाडसी तोडगा काढला: प्रत्येकाला यंत्राचा तुकडा देण्याऐवजी, प्रत्येकाला अख्खे यंत्रच दिल्याचा भास निर्माण करावा! १९६७ च्या जानेवारीत त्यांची 'सीपी-४०' ही प्रणाली रोजच्या वापरात आली. खरे यंत्र एक आणि त्याच्या पोटात चौदा आभासी यंत्रे. पुढे १९७२ साली आयबीएमने याच वंशातली 'व्हीएम ३७०' ही प्रणाली बाजारात आणली.

आता आपल्या विषयाचा गाभा येथेच आहे. स्मृती वाटता येते, वेळही वाटता येतो. पण यंत्राला जोडलेली उपकरणे कशी वाटायची? त्या वेळी उपकरणे म्हणजे छिद्रांची पत्रे वाचणारे यंत्र, छपाईचे यंत्र, डिस्क आणि चुंबकीय फितीचे यंत्र. आयबीएमच्या या प्रणालींत तीन वाटा रूढ झाल्या.

पहिली वाट नकलेची. प्रत्येक आभासी यंत्राला खोटे पत्रवाचक आणि खोटे छपाईयंत्र द्यायचे. तो छापतो आहे असे त्याला वाटे. प्रत्यक्षात मजकूर एका बाजूला साठत जाई आणि खऱ्या यंत्राची पाळी आली म्हणजे छापला जाई. दुसरी वाट वाटणीची. एका मोठ्या डिस्कचे लहान लहान भाग पाडून ते एकेकाच्या नावे करायचे. पण फितीच्या यंत्राला यांपैकी एकही वाट चालेना. फीत एकाने पुढे गुंडाळली आणि दुसऱ्याने मागे, तर काय होईल? म्हणून तिसरी वाट आली, ती हस्तांतराची. यंत्रचालकाने आज्ञा द्यायची, 'हे फितीचे यंत्र अमक्याला जोड'. त्याचे काम संपले की दुसरी आज्ञा, 'सोड'. एका वेळी एकच धनी.

वाड्यात पाण्याचा आड सर्वांचा असतो, परसदारी प्रत्येकाचा तुळशीवाफा वेगळा असतो, पण जाते एकच असेल तर एका वेळी एकीनेच दळायचे. दोघींनी दोन बाजूंना ओढले तर पीठही पडत नाही आणि खुंटाही धड राहत नाही. ही तिसरी वाट लक्षात ठेवा. आमच्या स्कॅनरचे सारे रहस्य तिच्यात आहे.

आता दुसऱ्या घराण्याची कथा पाहू, ती यूएसबीची. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी ज्यांनी संगणक हाताळला असेल त्यांना आठवेल, मागच्या बाजूला किती तऱ्हांची भोके असत! कीबोर्डचे गोल, प्रिंटरचे लांबट, मोडेमचे आणखी निराळे. नवे उपकरण बसवायचे तर कधी पेटी उघडून आतल्या पट्टीवरच्या चिमुकल्या टोप्या सरकवाव्या लागत, आणि मग यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे लागे. हा जाच संपवण्यासाठी झटलेल्यांत एक भारतीय नाव अग्रभागी आहे, अजय भट्ट यांचे. तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांचे नाव धारण करणाऱ्या बडोद्याच्या विद्यापीठात ते शिकले, पुढे अमेरिकेत गेले आणि १९९० मध्ये इंटेल कंपनीत रुजू झाले. घरच्या घरी साधा प्रिंटर जोडतानाही किती त्रास पडतो, हे पाहून त्यांना वाटले की, भिंतीतल्या विजेच्या प्लगाइतके हे सोपे का नसावे? इंटेलसह सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली नियमावली प्रसिद्ध झाली.

नवे मूल पहिल्या दिवशी शहाणे नसते. एप्रिल १९९८ मध्ये एका मोठ्या प्रदर्शनात मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स विंडोज ९८ दाखवत होते. त्यांच्या सहकाऱ्याने सर्वांसमक्ष यूएसबीची तार जोडली. ती होती कोणाची? स्कॅनरचीच! आणि भर सभेत पडदा निळा पडून यंत्र कोसळले. आमचा स्कॅनर रुसला तेव्हा मला या प्रसंगाची आठवण होऊन थोडा धीर आला. पण पुढे यूएसबीने जग जिंकले. २००० साली दुसरी आवृत्ती आली. तिचा वेग पहिलीच्या चाळीसपट. २००८ साली तिसरी आली, ती दुसरीच्या दसपट वेगवान.

यूएसबीच्या घरची शिस्त मात्र फार कडक. तेथे बोलण्याचा पहिला अधिकार फक्त संगणकाचा. उपकरण आपण होऊन बोलत नाही. विचारले तरच उत्तर देते. तुम्ही कळ दाबता तेव्हा कीबोर्ड 'दाबली हो' म्हणून ओरडत नाही. संगणकच त्याला क्षणोक्षणी विचारत असतो, 'काही आहे का?' नवे उपकरण जोडले की पहिल्या दिवशीच्या वर्गासारखी हजेरी होते. संगणक त्याला एक क्रमांक देतो. असे क्रमांक १ ते १२७ पर्यंतच. मग विचारतो, तुझा निर्माता कोण, तुझी जात कोणती? उपकरण आपले दोन ओळखक्रमांक सांगते, एक निर्मात्याचा आणि एक वस्तूचा. त्यावरून संगणक त्याची भाषा जाणणारा दुभाषी, म्हणजे ड्रायव्हर, शोधून काढतो.

म्हणजे यूएसबीची घटनाच अशी की, उपकरणांचा धनी एक आणि एकच. आणि आभासी संगणकाची घटना अशी की, बिऱ्हाडकरूलाही वाटते, धनी मीच! ही दोन घराणी एकत्र आली तेव्हा तंटा अटळ होता.

तशी ती एकत्र आली विसाव्या शतकाच्या अखेरीस. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने १९९९ साली साध्या टेबलावरच्या संगणकासाठी आभासी यंत्र आणले. २००७ मध्ये जर्मनीतील इनोटेक कंपनीने व्हर्च्युअलबॉक्स सर्वांसाठी खुले केले. ते आधी सन कंपनीकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेले. २००९ मध्ये विंडोज ७ आली, तेव्हा मायक्रोसॉफ्टनेच तिच्या काही आवृत्त्यांसाठी एक आभासी एक्सपी देऊ केली आणि तीत यूएसबी उपकरणे जोडण्याची सोयही ठेवली. जुन्या सॉफ्टवेअरच्या आधाराने चाललेली कचेरीतली कामे बंद पडू नयेत, हा त्यामागचा हेतू होता.

या सर्वांनी तंटा कसा मिटवला? तीच साठ सालानंतरची 'जोड आणि सोड'! आधी मालकाच्या ड्रायव्हरने उपकरणावरचा हात काढून घ्यायचा. मग मधल्या सॉफ्टवेअरने ते उपकरण धरायचे, बिऱ्हाडात एक नकली यूएसबी दरवाजा उभा करायचा, आणि आतल्या प्रणालीने विचारलेला प्रत्येक प्रश्न बाहेर नेऊन, उत्तर आत आणून द्यायचे. हात काढला नाही, किंवा दरवाजा चुकीचा बसवला, की उपकरणाची गत दोन्ही घरच्या पाहुण्यासारखी होते. हा समजतो तिकडे जेवला, तो समजतो इकडे जेवला; आणि बिचारा पाहुणा उपाशी!

तेव्हा शिक्षकबंधूंनो, शाळेच्या संगणककक्षात असा प्रसंग आला तर तारेशी झटापट करू नका. चार प्रश्न क्रमाने विचारा.

पहिला प्रश्न: खुद्द मालकाला तरी उपकरण दिसते आहे का? आभासी यंत्र बंद ठेवून पाहा. बाहेरच दिसत नसेल तर आत दिसणार कोठून? मग दोष तारेचा किंवा विजेचा. यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीचे भोक नियमाने ५०० मिलिअँपिअर वीज देते. पण मध्ये स्वतःची वीज नसलेला हब असेल तर प्रत्येक भोकाला १०० च मिळतात. तारेतून येणाऱ्या विजेवरच चालणारा स्कॅनर तेवढ्यात दमतो. अशा वेळी हब काढून तार थेट संगणकाला लावावी.

दुसरा प्रश्न: मालकाने हात सोडला आहे का? बाहेरच्या बाजूला स्कॅनरचा एखादा कार्यक्रम उघडा असेल तर आतून मागणी करताच 'उपकरण कामात आहे' असा निरोप येतो. तो कार्यक्रम बंद करावा. पेनड्राइव्ह असेल तर बाहेरून आधी रीतसर मोकळा करावा. वाचनलेखन चालू असताना ओढून नेला तर आतल्या फायली खराब होण्याची भीती असते. बाहेरची प्रणाली लिनक्स असेल आणि आत व्हर्च्युअलबॉक्स असेल, तर आपले नाव 'व्हीबॉक्सयूजर्स' या गटात असावे लागते. नाव घातल्यावर एकदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा, म्हणजे अधिकार लागू होतो. आणि एक सावधगिरी: असलेला एकुलता एक कीबोर्ड किंवा माऊस कधी आत देऊन बसू नका. किल्ली घरात आणि आपण ओसरीवर, असा प्रकार होतो!

तिसरा प्रश्न: बिऱ्हाडाचा दरवाजा त्या बिऱ्हाडकरूच्या काळाचा आहे का? नकली यूएसबी दरवाजा पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या आवृत्तीचा निवडता येतो. माणसाला वाटते, तिसरा सर्वांत नवा, म्हणजे सर्वांत चांगला. पण एक्सपी २००१ सालची. तिला दुसऱ्या आवृत्तीचे ज्ञानसुद्धा २००२ च्या सुधारणेने मिळाले. तिसरी तिच्या स्वप्नातही नव्हती. विंडोज ७ च्या मूळ प्रतीतही तिसऱ्या आवृत्तीचा ड्रायव्हर नाही. तो अंगभूत आला २०१२ च्या विंडोज ८ मध्ये. तेव्हा जुन्या प्रणालीला जुनाच दरवाजा द्यावा. आणखी एक गोष्ट: व्हर्च्युअलबॉक्सच्या २०२२ मधील सातव्या आवृत्तीपूर्वी दुसऱ्या आणि तिसऱ्या दरवाजासाठी एक वेगळा पुरवणीसंच बसवावा लागत असे. तो नसल्यामुळे अडून बसलेले लोक पुष्कळ.

चौथा प्रश्न: आतल्याला त्याची भाषा येते का? बाहेर ड्रायव्हर बसवून आतल्या प्रणालीला काही उपयोग नाही. स्कॅनरचा ड्रायव्हर एक्सपीच्या आतच बसवला पाहिजे. बाहेरचा दुभाषी बाहेरच राहतो.

या चार प्रश्नांनीही उत्तर मिळाले नाही, तर उपकरणाने नाव तर बदलले नाही ना, हे पाहावे. काही उपकरणे बहुरूपी असतात. इंटरनेटचे काही डोंगल जोडताक्षणी आपण सीडी आहोत असे सांगतात, ड्रायव्हर उतरवून देतात, आणि मग क्षणभर अदृश्य होऊन मोडेमच्या वेषात परत येतात. मोबाइल फोनही दुरुस्तीच्या अवस्थेत गेला की त्याचा ओळखक्रमांक बदलतो. आपण मालकाला सांगून ठेवलेले असते की, अमुक क्रमांकाचे उपकरण आले की आत पाठव. वेष पालटल्यावर तो त्याला आत कसा पाठवील? अशा वेळी दोन्ही रूपांचे क्रमांक नोंदवून ठेवावेत.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत, त्या लपवू नयेत. कॅमेरा आणि आवाजाची उपकरणे यांना वेळेचे फार पथ्य असते. प्रश्नोत्तरे आतबाहेर नेण्यात उशीर झाला की चित्र अडखळते, आवाज तुटतो. स्कॅनर, प्रिंटर, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन ही मंडळी त्या मानाने सोशिक. शिवाय एक्सपीचा सांभाळ मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला आहे. म्हणून अशा जुन्या बिऱ्हाडाला इंटरनेटची खिडकी उघडून देऊ नये; काम झाले की दार लावून घ्यावे.

ही 'जोड आणि सोड'ची कल्पना पुढे वाड्याच्या भिंतीही ओलांडून गेली. जपानमधील नारा येथील विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत ताकाहिरो हिरोफुची यांनी यूएसबीची प्रश्नोत्तरे जाळ्यावरून पाठवण्याची युक्ती काढली आणि २००५ मध्ये तिच्यावर निबंध वाचला. उपकरण एका खोलीत, आणि धनी दुसऱ्या खोलीत! २०१४ साली ही युक्ती लिनक्सच्या गाभ्यात पक्की झाली. २०२१ पासून विंडोजच्या पोटातल्या लिनक्सला उपकरण द्यायचे तर मायक्रोसॉफ्टही तीच वाट दाखवते. आज्ञांची नावेही पाहा: 'अटॅच' आणि 'डिटॅच'. फितीच्या यंत्रासाठी चालक देत असे त्याच या आज्ञा! यंत्रे बदलली, पण न्याय तोच राहिला.

आता आमच्या स्कॅनरचे काय झाले ते सांगतो. चार प्रश्न विचारले आणि दोन दोष सापडले, दोन्ही आमचेच. मी हौसेने तिसऱ्या आवृत्तीचा दरवाजा निवडला होता, तो एक्सपीला दिसतच नव्हता. आणि बाहेरच्या बाजूला एका विद्यार्थ्याने प्रयोग म्हणून उघडलेला स्कॅनिंगचा कार्यक्रम तसाच चालू होता. तो बंद केला, दरवाजा दुसऱ्या आवृत्तीचा केला, आणि आतल्या चौकोनात घंटी वाजली: नवे उपकरण सापडले! दोन दिवस तार ओढून जे झाले नाही, ते पाच मिनिटांत झाले.

पुढल्या बाजाराला ते आजोबा आले. त्यांचे कागद एकेक करून काचेवर ठेवले. पडद्यावर मोडीचे वळण उमटू लागले तेव्हा ते खुर्ची पुढे ओढून बसले. मला म्हणाले, "मास्तर, यंत्र तर तुमचं तेच दिसतंय. मग गेल्या खेपेला का नाही चाललं?" मी म्हटले, "काका, दोघं जण एकदम ओढत होते." त्यावर ते हसले आणि म्हणाले, "आमच्या बांधाचंही तसंच झालं होतं की."

श्रोतेहो, जुनी वस्तू चालेनाशी झाली की ती बिघडली असे आपण लगेच ठरवतो आणि अडगळीत टाकतो. पुष्कळदा ती बिघडलेली नसते. तिचा धनी कोण हे ठरलेले नसते, एवढेच. तुमच्याही शाळेत असे एखादे उपकरण धूळ खात पडले असेल. ते भंगारात देण्यापूर्वी हे चार प्रश्न एकदा त्याला विचारून पाहा.